आम्ही दोघं चालत येणार

"या नोव्हेंबरात आपण कायानोला जायचं. सगळी व्यवस्था माझी. तू फक्त पायात बूट घालायचेस."

हिबिनो शिगेझो यांनी मिसो सूपचा वाडगा खाली ठेवून ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या पत्नी फुसाएबाई शेगडीपाशी मासा भाजत होत्या. त्यांनी मासा उलटला आणि म्हणाल्या, "बरं."

फुसाएबाईंचं 'बरं' हे साधं प्रकरण नाही. 'बरं, निघू या' असं एक असतं. 'बरं, बघू किती दिवस टिकतंय' असं दुसरं असतं. आणि 'बरं, म्हणजे शेवटी मलाच निस्तरावं लागणार' असं तिसरं. कायानो बघायची त्यांची हौस लग्नाच्या वर्षापासूनची. दर शरदात जायचं ठरे आणि दर शरदात हिबिनोसानांच्या कचेरीत कसली ना कसली तपासणी उपटे. असे अडतीस शरद तपासण्यांत गेले. तेव्हा हे 'बरं' तिसऱ्या जातीचं होतं हे उघडच होतं.

"नाही जमलं तरी हरकत नाही हो," मासा ताटलीत वाढत बाई म्हणाल्या. "इशिगुरोबाईंचं महिला मंडळ वसंतात जाणारच आहे. मी त्यांच्याबरोबर जाईन. बसनं."

ते 'बसनं' हिबिनोसानांच्या काळजात रुतलं. ज्या डोंगरी हमरस्त्यानं एके काळी सरदार, व्यापारी आणि जासूद पायी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेले, ज्या कायानोत त्यांनी घोडे बदलले, पाय धुतले, रात्र काढली, त्या टप्प्याच्या गावात आपली बायको झेंडीवाल्या बाईच्या मागून बसमधून उतरणार? सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला अपमान गिळायची सवय असते, पण त्यालाही काही मर्यादा असते.

त्याच दिवशी ते कामाला लागले. आठवड्याभरात चौदा पानांचा आराखडा तयार झाला. पहिल्या पानावर रीतसर तीन चौकटी होत्या: प्रस्तावक, तपासनीस, मंजुरी. तिन्हींत हिबिनोसानांचाच लाल शिक्का. तपासनीस या नात्यानं त्यांनी प्रस्तावकाच्या दोन चुका काढल्या, प्रस्तावक या नात्यानं त्या मुकाट दुरुस्त केल्या, आणि मंजुरी देताना दोघांच्याही परिश्रमांबद्दल समाधान व्यक्त केलं. आराखड्याचा गाभा एवढाच होता की खिंडीच्या अलीकडच्या स्टेशनवर उतरायचं, आठ किलोमीटर डोंगर पायी ओलांडायचा, दुपारी बाराला कायानोत पाऊल ठेवायचं, निवांत गाव बघायचं, जुन्या सरायीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. यात चुकण्यासारखं काही आहे का? हिबिनोसानांनाही काही दिसलं नाही.

पण गल्लीत बातमी फुटली, आणि गल्लीत बातमी फुटली की सल्ला फुकट मिळतो.

समोरचे मोचिझुकीसान निवृत्त दंतवैद्य. ते डोंगर चढतात अशी वदंता आहे, चढताना कुणी पाहिलेलं नाही. ते कुंपणाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "अस्वलं, हिबिनोसान."

"काय झालं अस्वलांना?"

"यंदा डोंगरात ओकाची फळं धरली नाहीत. उपाशी अस्वल खाली उतरतं. घंटा बांधा."

"एक बांधतोय पिशवीला."

"एक?" मोचिझुकीसानांनी दात बघावा तसं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "एक घंटा वाजली की अस्वलाला कळतं, गडी एकटा आहे."

हिबिनोसानांनी चार घंटा आणल्या.

शेजारच्या इशिगुरोबाईंची चिंता वेगळी होती. "त्या जुन्या सरायीत भिंती कागदाच्या असतात बरं का. पलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी आपल्याला कळतं. कानात घालायला कापूस न्या."

"आमची झोप गाढ असते," हिबिनोसान म्हणाले.

"तेच म्हणते मी. पलीकडच्या लोकांना वाटायला न्या."

राहता राहिलं सरायीचं आरक्षण. कामेया ही कायानोतली सगळ्यात जुनी सराय, आणि तिथं फक्त फोनवरच बोलणी होतात. फोन सरायीच्या मालकीण तोमे आजींनी घेतला. आवाज खणखणीत होता.

"नोव्हेंबरचा तिसरा रविवार," हिबिनोसान मुद्देसूद म्हणाले. "नागोयाहून आम्ही दोघं चालत येणार."

"चालणार?" आजी एकदम खुलल्या. "तिसऱ्या रविवारी? दोघंही?"

"दोघंही."

"अगबाई! देव पावला. थांबा, लिहून घेते. उंची?"

हिबिनोसान क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं, गादीसाठी विचारत असणार. त्यांनी एकशे बासष्ट सांगितली. आजींनी पावलाचं माप विचारलं. ते सपातांसाठी असणार. मग आजींनी विचारलं, "खांदे कसे आहेत?"

"डावा थंडीत जरा धरतो. उजवा उत्तम."

"मग उजवाच देऊ. आणि बाईंचं वजन?"

हिबिनोसानांनी फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे हाक मारली, "फुसाए, तुझं वजन किती?"

आतली सुरी थांबली. "कोण विचारतंय?"

"सराय."

सुरी पुन्हा दोनदा फळीवर वाजली. मग आतून आवाज आला, "पन्नास सांगा."

फोन ठेवून हिबिनोसान भारावून बसले. "बघ, याला म्हणतात जुनी सेवा. नागोयातल्या एका तरी हॉटेलानं आजवर माझ्या खांद्याची चौकशी केली आहे का?"

त्या रविवारी सकाळी आठला खिंडीच्या पायथ्याशी आभाळ निवळशंख होतं. हिबिनोसानांच्या पायात त्यांचे डोंगरी बूट होते. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेले, तीनदा घातलेले, आणि तेव्हापासून खोक्यात कागदाचे बोळे घालून इतके जपून ठेवलेले, की एखाद्या संग्रहालयानं हात जोडावेत. चार घंटा चार ठिकाणी बांधल्या होत्या. ते चालू लागले की देवळाचा उत्सव निघाल्यासारखं वाटे.

शिवाय वाटेवरही ठिकठिकाणी खांबाला पितळी घंटा टांगलेल्या होत्या. 'अस्वलासाठी जोरात वाजवा' अशी पाटी. हिबिनोसान प्रत्येक खांबापाशी थांबत, पिशवी खाली ठेवत आणि तीन टोले देत.

"अहो, अंगावरच्या चार वाजताहेत की," फुसाएबाई म्हणाल्या.

"त्या खाजगी. ही सार्वजनिक."

मागून येणारे सगळे त्यांना ओलांडून जात होते. एक उंच गोरं जोडपं हसत, वाकून नमस्कार करत गेलं. शाळकरी मुलींचा एक घोळका गेला. काठी टेकत एक आजोबा गेले, वर 'सावकाश या हो' म्हणून गेले. हिबिनोसानांनी आराखड्याचं सहावं पान काढलं आणि 'विलंबाची कारणे' या रकान्यात 'घंटा' असं लिहिलं.

चौथ्या किलोमीटरला झुडपात सळसळ झाली. हिबिनोसान जागच्या जागी थिजले. "फुसाए, पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. डोळ्यांत बघत हळूहळू मागं सरकायचं." आणि ते स्वतः डोळ्यांत बघत हळूहळू मागं सरकू लागले. तेवढ्यात उजव्या पायाखाली 'फट्' असा आवाज झाला. झुडपातून टोपलीभर अळिंबी घेऊन एक म्हातारी बाहेर आली. "अहो, किती वाजवता! मला वाटलं, देवळाला आग लागली," म्हणाली आणि निघून गेली.

तो 'फट्' आवाज बुटाचा होता. पंचवीस वर्षं खोक्यात जपलेल्या बुटाचा तळ आतल्या आत कुजून गेला होता. तो पुढून सुटून लोंबत होता, मगरीच्या उघड्या जबड्यासारखा. हिबिनोसानांनी तो टॉवेलनं बांधला. दहा पावलांवर डाव्या बुटानं सहानुभूती दाखवली.

"मला वाटलंच होतं," फुसाएबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, सगळी व्यवस्था माझी."

खिंडीच्या माथ्यावर चहाची टपरी होती. तिथल्या मालकानं दोघांना चहा दिला, टॉवेलाकडे बघून काही न विचारण्याची सभ्यता दाखवली, आणि आढ्याला टांगलेली एक जोडी खाली काढली. पेंढ्याच्या वहाणा. "माझे वडील वळायचे. यांचा तळ सुटत नाही, कारण तळच नाही." वर ऊन लागतंय म्हणून गवताची रुंद टोपीही डोक्यावर ठेवली. हिबिनोसानांना प्रथम संकोच वाटला, पण उतारावर त्या वहाणा अशा काही हलक्या पडू लागल्या की त्यांची मान आपोआप ताठ झाली. दोनशे वर्षांपूर्वी आपण असतो तर नक्की जासूद असतो, नाही तर निदान जासुदांच्या हजेरीपटाचे तपासनीस तरी, असं त्यांना वाटून गेलं.

याच अवतारात ते पाऊण वाजता कायानोच्या वेशीत शिरले. वेशीवर दंडाला स्वयंसेवकाची फीत बांधलेली एक तरुणी घड्याळ बघत उभी होती. ती पळतच आली.

"हिबिनोसान ना? नागोयाचे? किती उशीर! सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

सरायीतलं स्वागत इतकं आतुर असेल असं आराखड्यात नव्हतं. हिबिनोसान फुसाएबाईंकडे बघून विजयानं हसले. पण त्या मुलीनं, म्हणजे गावच्या जतन मंडळाच्या कुमाझाकी हिनं, त्यांना सरायीत न नेता एका मोठ्या घराच्या अंगणात नेलं. तिथं शंभरेक माणसं जुन्या वेशात उभी होती. भालेवाले, तंबोरेवाली, भिक्षू, दोन घोडे. आणि मधोमध एका जाडजूड दांड्याला लटकवलेला, बांबूच्या पडद्यांचा मेणा.

खणखणीत आवाजाच्या तोमे आजी पुढं झाल्या. "आलात! पोशाख तर घालूनच आलात की. कुमाझाकी, बघ, याला म्हणतात तयारी!"

आता खरा प्रकार असा होता. कायानोत माणसं राहिलीत एकशे बारा. त्यामुळे प्रत्येकाकडे तीन-तीन पदं. सराय चालवणाऱ्या तोमे आजीच दर वर्षीच्या मिरवणुकीच्या प्रमुख, आणि फोन दोन्हीला एकच. मिरवणुकीला माणसं कमी पडतात म्हणून बाहेरच्यांना आवाहन केलेलं होतं: 'चालायला या.' यंदा मेण्याचा मागचा भोई कंबर धरून अंथरुणाला खिळला होता. मेण्यात बसणाऱ्या सरदारीणबाईंनी ओसाकाला मुलाकडे बिऱ्हाड हलवलं होतं. आणि तेवढ्यात नागोयाहून फोन आला, आम्ही दोघं चालत येणार, उजवा खांदा उत्तम.

"हा गैरसमज आहे," हिबिनोसान अंगात होती नव्हती तेवढी प्रतिष्ठा गोळा करून म्हणाले. पेंढ्याच्या वहाणांत ती फारशी जमेना. "मी पाहुणा आहे. मी गाव बघायला आलो आहे."

कुमाझाकीनं निमूटपणे एक कागद पुढं केला. सहभागाचा अर्ज. नाव, गाव, उंची, पाऊल, खांदा: उजवा. भूमिका: भोई, मागचा. पत्नी: सरदारीण, वजन पन्नास. हिबिनोसानांनी तो सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचला. अडतीस वर्षांत इतका बिनचूक भरलेला अर्ज त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. आणि मग एकदम तोंडावर उजेड आला.

"शिक्का कुठाय?" ते गरजले. "अर्जदाराचा शिक्का नाही! शिक्क्याशिवाय हा कागद म्हणजे रद्दी आहे!"

तोमे आजींचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "मग यंदा मेणा नाही निघायचा. पन्नासावं वर्ष होतं हो." पुढचा भोई, तोफू करणारा ओकुदा, सहा फुटी गडी, त्यानं खांद्यावरचं फडकं काढून घडी घालायला घेतलं.

इतक्यात खुळखुळ असा आवाज आला. फुसाएबाई आपली पर्स चाळत होत्या. त्यांनी आतून एक छोटी डबी काढली, उघडली, आणि नवऱ्याचा लाल शिक्का त्याच्याच हातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही विसराल म्हणून मी आणला होता."

हिबिनोसानांनी बायकोकडे बघितलं. बायको मेण्याकडे बघत होती. आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की त्यांनी मुकाट्यानं शिक्का उमटवला. सरळ उमटवला. रागातसुद्धा त्यांचा शिक्का कधी तिरका पडला नाही.

मेणा उचलायचं एक शास्त्र आहे, ते त्यांना उचलल्यावर कळलं. पुढचा भोई उंच आणि मागचा बुटका असेल तर सगळा भार घसरून बुटक्याकडे येतो. दुसरं असं की पन्नास किलो हा आकडा बराच जुना होता.

"फुसाए," दात आवळून ते बांबूच्या पडद्याला म्हणाले, "पन्नास?"

"त्यात डोक्यावरचा टोप आणि सात पदरी पोशाख धरला नव्हता," आतून उत्तर आलं.

"पोशाख आठ किलोचा आहे?"

"वाद घालू नका. श्वास पुरवा."

सनईसारखं काही तरी वाजलं आणि मिरवणूक निघाली. दोन्ही बाजूंना ही गर्दी! हिबिनोसानांच्या नाकासमोर मेण्याची मागची फळी होती. त्या फळीला सतरा खिळे होते, हे ते आजही शपथेवर सांगतील. बाकी त्यांना काही दिसलं नाही. फक्त ऐकू येत होतं: "अय्या, मागचे आजोबा बघ, किती हुबेहूब!" "चेहऱ्यावरचं दुःख बघ ना!" "खरे नट असणार, बाहेरून बोलावलेले." शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी, का कोण जाणे, मान ताठ केली. तिकडं ओकुदा तालात ओरडे, "एस्सा!" आणि इकडून ते "होस्सा!" म्हणत. चौथ्या-पाचव्या 'होस्सा'ला त्यांचा आवाज ओकुदापेक्षा मोठा निघू लागला. कबूल करायचे नाहीत, पण त्यांना मजा येत होती. हीच घात व्हायची वेळ.

अशा गावांत मधेच रस्ता काटकोनात दोनदा वळतो. शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी केलेली युक्ती. शत्रू दोनशे वर्षं आलाच नाही, आले हिबिनोसान. ओकुदा वळला. मेणा वळला. मागचा दांडा मात्र सरळच जायच्या मताचा होता. तो कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत घुसला, आणि काळ्या लाकडी जाळीच्या दोन पट्ट्या 'कडाड्' करून तुटल्या.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग.

कुमाझाकी धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ही जाळी संरक्षित आहे," ती कुजबुजली. "इथं खिळा बदलायचा तरी तीन कचेऱ्यांची परवानगी लागते." तिनं टेप काढून मापं घ्यायला सुरुवात केली. हिबिनोसानांनी मेणा खाली टेकवला. अडतीस वर्षं ज्या माणसानं सरकारी पेन्सिल घरी नेली नव्हती, त्यानं देशाचा वारसा भोसकला होता. ते त्या घराच्या दारासमोर गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले.

दार सरकलं. घरमालकीण सुएनो आजी, वय चौऱ्याऐंशी, बाहेर आल्या. त्यांनी आधी तुटक्या जाळीकडे बघितलं, मग भोयाकडे.

"तुम्ही तोडलीत?"

"मी. संपूर्ण जबाबदारी माझी."

"देवा रे!" आजी म्हणाल्या आणि त्यांनी हिबिनोसानांचे दोन्ही हात धरले. "किती उपकार झाले हो!"

हिबिनोसानांना वाटलं, धक्क्यानं बिचारीचं डोकं फिरलं. पण आजी भानावर होत्या. ती जाळी सहा वर्षं वाळवीनं पोखरलेली होती. आजींनी चार वेळा अर्ज केला. 'जीर्ण झालेल्या भागाची दुरुस्ती', नमुना क्रमांक सात. चारही वेळा तो वरून परत आला. "थंडीत वारा सुईसारखा येतो. रात्री मी वर्तमानपत्रं कोंबून झोपते."

"पण आता जीर्ण कुठाय?" हिबिनोसान हळूच उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "कुमाझाकीसान, आकस्मिक हानीचा वेगळा नमुना असेलच?"

"नमुना अकरा," ती चाचरत म्हणाली. "तो... तो दहा दिवसांत मंजूर होतो."

"आणा."

मिरवणूक पुढं देवळापर्यंत गेली. हिबिनोसान भोयाच्या वेशातच सुएनो आजींच्या उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी नमुना अकरा भरला. घटनेचं कारण या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मागील भोयाचा निष्काळजीपणा.' खाली शिक्का मारला. त्या संध्याकाळी कामेयात अक्रोडाच्या मिसोत भाजलेला भात, नदीचा मासा आणि आंबवलेल्या पाल्याचं लोणचं समोर आलं, तेव्हा त्यांचा उजवा खांदा वर होत नव्हता, पण मान नेहमीपेक्षा दोन बोटं उंच होती.

सकाळी ते दात घासत असतानाच तोमे आजी आल्या. "हिबिनोसान, दारात माणसं आलीत."

सात जणं होती. कुणाच्या हातात वाळवलेली पर्सिमनची फळं, कुणाकडे चेस्टनटची मिठाई, कुणाकडे मुळा. सगळे खाली बघत होते. शेवटी तोफूवाल्या ओकुदानं घसा खाकरला.

"मागच्या वळणावर माझं दुकान आहे. दाराची चौकट सडली आहे. आठ वर्षं अर्ज करतोय. मी म्हणत होतो, मेणा अजून अंगणातच आहे... आपण दोघं जरा सहज फिरवून आणू या का?"

"माझी पन्हळ," मागून एक बाई म्हणाल्या. "नुसता धक्का लागला तरी पडेल."

"आमच्या देवळाची पायरी आहे," एक भिक्षू म्हणाले. "तुम्हाला फारसं लांब पडणार नाही."

हिबिनोसानांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला समजता काय? मी अडतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे! काल जे झालं तो अपघात होता. ठरवून केलेला अपघात म्हणजे लबाडी!"

सगळे शरमले. ओकुदानं तर तोफूचं भांडं पाठीमागे लपवलं. आता त्यांना तसंच परत जाऊ द्यायचं, तर फुसाएबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं हिबिनोसानांना ऐकू येतं.

"थांबा," ते म्हणाले. "काही तोडायचं नाही. परत आलेले अर्ज आहेत घरी? घेऊन या. सगळ्यांचे."

खोलीतल्या बुटक्या मेजावर ढीग साचला. हिबिनोसानांनी चष्मा लावला. पहिल्याच अर्जावर ते चुकचुकले. 'बांधकामाचा काळ' या रकान्यात ओकुदानं लिहिलं होतं, 'आजोबांच्याही आधी.'

"अहो, ही काय तारीख झाली?"

"खरं तेच लिहिलं."

"खरं लिहू नका, सम्राटाच्या राजवटीचं साल लिहा! आणि या फोटोत दारासमोर स्कूटर आहे. संरक्षित घरासमोर स्कूटर! वरच्या साहेबानं हा फोटो बघितला आणि जेवायला उठून गेला असणार. बाई, तुमच्या पन्हळीचं माप सेंटिमीटरमध्ये हवं, तुम्ही 'दोन हात' लिहिलंत. भिक्षूबोवा, 'अर्जदाराचा व्यवसाय' इथं तुम्ही 'सर्व मिथ्या आहे' असं लिहिलंय."

"ते एक विनम्र उत्तर होतं."

"खोडा."

कुमाझाकी वही घेऊन शेजारी बसली आणि टिपणं काढू लागली. तिला जतन मंडळात येऊन दीडच वर्ष झालं होतं, आणि आधीच्या साहेबांनी जाताना तिला फक्त कचेरीची चावी दिली होती. फुसाएबाई चहा ओतत राहिल्या, कारण रांग अंगणापर्यंत गेली होती. सात अर्जांचे एकोणीस झाले. दुपारी दीडला शेवटच्या कागदावर शिक्का पडला, तोमे आजींनी डोळे पुसले, आणि लोकांनी दिलेल्या मुळ्यांनी दोघांच्या पिशव्या इतक्या फुगल्या की घंटा दिसेनात.

दोनच्या बससाठी ते वेशीबाहेरच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. हिबिनोसानांच्या पायात ओकुदानं दिलेले रबरी बूट होते. तरीही ते सेनापतीसारखे उभे होते. आराखड्याचं शेवटचं पान काढून त्यांनी 'उद्दिष्टे साध्य' असं लिहायला घेतलं.

बस आली. तिच्यातून ओसाकाकडचं एक तरुण जोडपं उतरलं. मुलीनं अदबीनं विचारलं, "माफ करा, तुम्ही गाव बघून आलात ना? काय काय बघण्यासारखं आहे?"

हिबिनोसानांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. त्यांना मेण्याच्या मागच्या फळीचे सतरा खिळे आठवले. नमुना सातचे रकाने आठवले. जाळी आठवली, तीही तुटलेली. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"मला विचारू नका," फुसाएबाई म्हणाल्या. "पडद्याच्या फटीतून मला फक्त बूट दिसले. पुष्कळ होते."

बसचा चालक वाट बघत होता. अडतीस शरद, आणि एकोणचाळिसाव्यात बाईंनी कायानोत येऊन बूट बघितले. हिबिनोसानांनी हातातलं पान दुमडलं आणि खाली मान घालून म्हणाले, "फुसाए, मी पुन्हा तेच केलं. इशिगुरोबाईंच्या मंडळाबरोबर जा तू. बसनं. ते लोक निदान गाव तरी दाखवतात."

फुसाएबाईंनी चालकाला हातानं 'जा' अशी खूण केली.

"अगं, पुढची बस दोन तासांनी आहे!"

"म्हणूनच म्हणते. चला."

मुळ्यांची पिशवी त्यांनी थांब्याच्या बाकाखाली सारली आणि त्या पुढं झाल्या. दुपारचं ऊन काळ्या लाकडांवर तिरकं पडलं होतं. छपरांवर दगड मांडून ठेवले होते, वळचणीला पर्सिमनाच्या माळा लोंबत होत्या, दगडी पन्हळीतून पाणी धावत होतं. मिरवणुकीची गर्दी ओसरून रस्ता मोकळा झाला होता. हिबिनोसान मधेच थांबले आणि मान मागं टाकून एका घराचं आढं बघू लागले. आराखडा खिशातच राहिला, हे विशेष.

तेवढ्यात समोरचं दार सरकलं. हातात कागदांचं भेंडोळं घेतलेले एक आजोबा घाईघाईनं बाहेर आले आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघू लागले.

"ते अर्जवाले साहेब आपणच का?"

हिबिनोसानांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. पण त्यांच्या आधी फुसाएबाई पुढं झाल्या आणि कमरेत वाकून, अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "नाही हो आजोबा. ते साहेब दोनच्या बसनं गेले. आम्ही आत्ताच आलोय, गाव बघायला."